झाडाचं वय मुलांना मोजू द्या
कापलेल्या झाडाचा बुंधा दिसला की मुलांना लगेच मोजायला बसवू नका. आधी त्यावर सँडपेपर फिरवा आणि ओल्या फडक्याने पुसा. वलयं उठून दिसतात. एक फिकट आणि एक गडद पट्टा मिळून एक वर्ष, म्हणून फक्त गडद रेघा मोजायच्या. नाहीतर वय दुप्पट! मोजणी गाभ्यापासून सालीकडे, दर १० रेघांना एक टाचणी. झाड नुकतंच तोडलेलं असेल तर सालीकडून उलटं मोजत मुलाच्या जन्मवर्षाचं वलय शोधा. माझ्या मते यातली खरी गंमत हीच. एखादं वलय अरुंद दिसलं तर कारण विचारा: त्या वर्षी पाणी कमी पडलं असेल, किंवा शेजारच्या झाडाची सावली आली असेल.

उभ्या झाडाला जमिनीपासून सुमारे १.३ मीटरवर टेप गुंडाळा. थंड प्रदेशात, मोकळ्या जागी वाढलेल्या रुंद पानांच्या झाडाचा घेर वर्षाला साधारण २.५ सेंटिमीटर वाढतो असं धरून भागाकार करा. अर्थात हा ढोबळ अंदाज. बारमाही उष्ण-दमट हवेतल्या अनेक झाडांत वलयं स्पष्ट नसतात. तिथे लावल्याचं वर्ष ठाऊक असलेलं झाड निवडलेलं बरं.