चिकन आणि भाजलेल्या भाज्या: पाणी सुटतं, चिकन कोरडं पडतं, मसाला करपतो? या चुका टाळा

संध्याकाळी घरी आल्यावर तासाभरात चार जणांचं पोटभर, कमी तेलाचं आणि भाजी जास्त असलेलं जेवण हवं असेल, तर चिकन आणि भाजलेल्या भाज्या यासारखा बेत नाही. कृती छोटी आहे. तरीही ट्रे बाहेर काढल्यावर फ्लॉवर लिबलिबीत, बटाटा कच्चा आणि चिकन चिवट, असं बऱ्याच घरांत होतं. दोष मसाल्याचा क्वचित असतो, बहुतेक वेळा तो पाण्याचा असतो. भाजणं म्हणजे कोरडी आग. भरिताचं वांगं कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजणाऱ्या खानदेशाला हे वेगळं सांगायला नको. ट्रेमध्ये पाणी असेल तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहतं, म्हणजे पदार्थ उकडतो. तांबूस रंग आणि खमंगपणा त्याच्या बराच वर, साधारण १४० अंशांपासून पुढे यायला लागतो. खालच्या बहुतेक चुका या एकाच कारणाशी येऊन थांबतात.

आधी प्रमाण

चार जणांसाठी: बोनलेस लेगचं चिकन ६०० ग्रॅम, बटाटे २०० ग्रॅम, गाजर १५० ग्रॅम, फ्लॉवर २०० ग्रॅम, दोन कांदे, एक ढोबळी मिरची आणि हिवाळ्यात हमखास मिळणारं हिरवट भरिताचं वांगं, मोठं असेल तर अर्धं.

चिकनला लावायला: पाणी काढलेलं दही ४ मोठे चमचे, आलं-लसणाची पेस्ट १ मोठा चमचा, हळद अर्धा छोटा चमचा, मीठ १ छोटा चमचा, खानदेशी काळा मसाला दीड छोटा चमचा, शेंगदाणा तेल १ मोठा चमचा. भाज्यांना तेल २ मोठे चमचे आणि मीठ पाऊण छोटा चमचा. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा म्हणजे ५ मिली. बाटलीतून अंदाजाने तेल ओतलं की ते सहज दुप्पट पडतं, म्हणून तेल चमच्यानेच मोजा.

ब्रेस्ट घेणं आणि पाश्चात्त्य कृतीतली वेळ पाळणं

परदेशी कृतींमध्ये चिकन बहुतेक वेळा कातडीसकट भाजलेलं असतं. कातडीखालची चरबी वितळत राहते आणि मांस कोरडं पडत नाही. आपल्याकडे दुकानात चिकन सोलूनच देतात. त्या सोललेल्या ब्रेस्टला ४० मिनिटं भाजलं तर ते कोरडं, धागेधागे सुटलेलं होणारच. लेगच्या मांसात थोडी जास्त चरबी असते आणि ते पाच मिनिटं जास्त राहिलं तरी बिघडत नाही, त्यामुळे रोजच्या घाईत तेच घ्यावं. दुकानदाराला "लेगचं बोनलेस करून द्या, तुकडे मोठे ठेवा" असं सांगा. ४ सेंटिमीटरचे तुकडे बरोबर. २ सेंटिमीटरचे तुकडे रंग येण्याआधीच आतून कोरडे होतात. ब्रेस्टच हवं असेल तर भाजायची वेळ १४-१५ मिनिटांवर आणा आणि दही-मिठात किमान दोन तास मुरू द्या.

चिकन नळाखाली धुणं, ओलंच मसाल्यात घालणं

नळाच्या धारेखाली धुतल्याने चिकनवरचे जंतू मरत नाहीत. उलट बारीक शिंतोडे सिंकभर, शेजारच्या ताटांवर आणि चिरून ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात. साल्मोनेलासारखे जंतू मरतात ते शिजताना. न धुणं मनाला पटत नसेल तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने चिकन बुडवून काढा, ते पाणी सावकाश ओता आणि सिंक व हात साबणाने धुवा.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नेमकी तीच महत्त्वाची आहे. चिकन चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या, मग कागदी रुमालाने दाबून कोरडं करा. ओल्या चिकनवर दही-मसाला टिकत नाही, तो पाण्याबरोबर ट्रेमध्ये उतरतो आणि भाज्या त्या पाण्यात शिजतात. दहीसुद्धा कापडात अर्धा तास टांगून घ्या. वेळ नसेल तर वरचं पाणी ओतून घट्ट भागच घ्या.

गोठवलेलं चिकन असेल तर ते आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर काढून ठेवू नका. घाईच असेल तर हवाबंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्ध्या किलोला साधारण तास लागतो. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला गरमच येतं, ते यासाठी वापरू नका. माठाचं किंवा बर्फ घातलेलं पाणी घ्या.

काळा मसाला सगळा आधीच लावणं

खानदेशी काळा मसाला मुळातच खोबरं, धणे आणि खडे मसाले गडद भाजून केलेला असतो. रश्श्यात त्याला पाण्याचं संरक्षण मिळतं. २२० अंशांच्या कोरड्या उष्णतेत तोच मसाला दुसऱ्यांदा भाजला जातो आणि कडू होतो. त्यामुळे दीड चमच्यातला एक चमचाच दह्यात मिसळा. राहिलेला अर्धा चमचा एका चमचाभर कोमट तेलात कालवून ठेवा आणि ट्रे बाहेर आल्यावर गरम चिकनवर घाला. वास पूर्ण राहतो. मिरचीपूडही दह्यातच मिसळा, सुकी वरून भुरभुरू नका. लसणाचं तेच: बारीक चिरलेला लसूण दहा मिनिटांत करपतो. एक तर पेस्ट दह्यात घाला, नाहीतर सालासकट अख्ख्या पाकळ्या भाज्यांत टाका. त्या आतून मऊ होतात आणि नंतर भाकरीवर चुरडून खाता येतात.

लिंबू शेवटी पिळा. लिंबात चिकन रात्रभर ठेवलं तर वरचा थर पिठूळ होतो. दह्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तर चालतं.

सगळ्या भाज्या एका मापाच्या चिरून एकाच वेळी घालणं

बटाट्याला लागणारा वेळ आणि ढोबळी मिरचीला लागणारा वेळ यांत दुपटीहून जास्त फरक आहे. म्हणून माप आणि क्रम दोन्ही बदला. बटाटा आणि गाजर २ सेंटिमीटरचे, वांगं ३ सेंटिमीटरचं, फ्लॉवरचे तुरे अंड्यापेक्षा थोडे लहान, कांद्याच्या देठाकडची बाजू न तोडता सहा फोडी, मिरचीचे मोठे चौकोन.

ओव्हन २२० अंशांवर तापवा. बटाटा-गाजर तेल-मीठ लावून एकटेच आत जातील, १५ मिनिटं. मग ट्रे काढून ते उलथा आणि चिकन, फ्लॉवर, कांदा, वांगं पसरा. दहा मिनिटांनी ढोबळी मिरची घाला. त्यानंतर आणखी १२ ते १५ मिनिटं. एकूण ४० मिनिटांच्या आत काम होतं.

वांग्याकडे वेगळं लक्ष द्या. भरिताचं वांगं मांसल आणि सच्छिद्र असतं, तेल समोर दिसलं की पिऊन टाकतं. आधी मीठ चोळून १५ मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी टिपून घ्या आणि तेल सर्वांत शेवटी, थोडं थोडं लावा. बाकी भाज्यांना मात्र मीठ ट्रेमध्ये जाण्याच्या अगदी आधी लावा, नाहीतर परातीतच पाणी सुटतं.

ट्रे गच्च भरणं

ही सर्वांत मोठी चूक. तुकड्यांमध्ये बोटभर जागा हवी, म्हणजे वाफ निघून जाते. २५-३० लिटरच्या ओटीजीच्या (ओट्यावर ठेवायच्या छोट्या विजेच्या ओव्हनच्या) ट्रेमध्ये वर दिलेलं चार जणांचं प्रमाण मावत नाही. दाबून बसवलं तर भाज्या वाफाळतात. दोन ट्रे एकावर एक ठेवले तर वरचा खालच्याची उष्णता अडवतो. छोट्या ओटीजीत आमचा सल्ला ठाम आहे: भाज्या ओव्हनमध्ये, चिकन बिडाच्या किंवा लोखंडी तव्यावर. दोन्ही कामं एकाच वेळी चालतात आणि तव्यावर चिकनला ओव्हनपेक्षा चांगला रंग येतो.

तवा मध्यम-मोठ्या आचेवर चांगला तापवा, चिकनवरचं जास्तीचं दही बोटाने निपटून टाका, चमचाभर तेलावर तुकडे अंतर ठेवून मांडा आणि चार-पाच मिनिटं हात लावू नका. चिकन तव्याला चिकटलं असेल तर ते अजून उलटायला तयार नाही. खालून रंग आला की बहुतेक वेळा ते स्वतः सुटतं. उलटून पुन्हा चार मिनिटं, मग झाकून मंद आचेवर तीन मिनिटं, आणि शेवटी झाकण काढून मिनिटभर.

ओव्हन तापायच्या आधीच ट्रे ठेवणं, आणि व्होल्टेज

बऱ्याच ओटीजींमध्ये ठरवलेलं तापमान आलं की दिवा विझतो. तो विझेपर्यंत, म्हणजे साधारण १०-१५ मिनिटं, थांबा. वरची आणि खालची अशा दोन्ही दांड्या चालू ठेवा, ट्रे मधल्या खणात ठेवा.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, त्याचा इथे थेट परिणाम होतो. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर उष्णता जवळपास ६१ टक्क्यांवर येते. वीस मिनिटांनीही दिवा विझत नसेल तर कारण बहुधा हेच आहे. अशा वेळी ट्रे अर्धा भरा आणि दोन फेऱ्यांत भाजा, किंवा सरळ तवा घ्या. साध्या मायक्रोवेव्हवर भाज्या भाजल्या जात नाहीत, त्यासाठी कन्व्हेक्शन मोड लागतो. एअर फ्रायरला २०० अंश पुरतात, पण टोपली निम्मीच भरा.

तेल अजिबात न घालणं

आरोग्याच्या नावाखाली होणारी ही चूक. तेल उष्णता भाजीच्या पृष्ठभागापर्यंत नेतं, त्याच्याशिवाय फ्लॉवर चामड्यासारखा आकसतो आणि हळद कच्ची लागते. भाज्यांना घातलेले दोन मोठे चमचे चार जणांत वाटले तर माणशी अर्धा मोठा चमचा, म्हणजे सुमारे ६० कॅलरी होतात. एवढ्यासाठी चव घालवू नका. ताटात अर्धी भाजी, पाव चिकन आणि पाव भागात कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) किंवा ज्वारीची भाकरी एवढं पाळलं की पुरे.

झालं की नाही, रंगावरून ठरवणं

हळद-मसाल्यामुळे चिकन बाहेरून लवकर शिजल्यासारखं दिसतं. हाडासकट तुकड्यात हाडाजवळ लालसरपणा पूर्ण शिजल्यावरही राहू शकतो, कारण कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग मांसात उतरतो. खात्री तापमानाचीच: सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश. थर्मामीटर नसेल तर तोच तुकडा कापून बघा. रस स्वच्छ निघायला हवा आणि मध्ये काचेसारखा अर्धपारदर्शक भाग दिसता कामा नये. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबून वाढा, लगेच कापलं तर रस ताटात जातो. कच्चं चिकन ठेवलेल्या ताटलीत शिजलेलं परत ठेवू नका. भांड्यात उरलेलं दही-मसाल्याचं मिश्रणही वरून ओतू नका.

तरीही बिघडलं तर

ट्रेमध्ये पाणी साचलं असेल तर ते वाटीत ओतून घ्या, वेगळं उकळून आटवा आणि परत भाज्यांवर घाला. ट्रे २३० अंशांवर सात-आठ मिनिटं पुन्हा ठेवा. चिकन झालं आणि बटाटा कच्चा राहिला, तर चिकन काढून झाका आणि बटाटा एकटा भाजा. वरून काळं आणि आत कच्चं होत असेल तर ट्रे एक खण खाली घ्या आणि तापमान २० अंशांनी उतरवा. चिकन कोरडं पडलं असेल तर ते भाजू नका, बारीक तोडून दही, पातीचा कांदा आणि लिंबू घालून कालवा.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. मे महिन्यात स्वयंपाकघर ३२ अंशांच्या वर असताना तासाभरात. दुसऱ्या दिवशी चिकन वाफा येईपर्यंत गरम करा. भाज्या मात्र कोरड्या तव्यावर परता. वांगं जास्त उरलं असेल तर ते हिरवी मिरची, लसूण आणि मिठाबरोबर ठेचून पातीचा कांदा घाला, डब्यात भाकरीबरोबर चांगलं लागतं.