कारणांची यादी नको, साखळी हवी: अमेरिकेतल्या शाळेत क्रांत्या शिकताना

एपी वर्ल्ड हिस्टरी या अमेरिकन शाळांतल्या कॉलेज-पातळीच्या इतिहासाच्या कोर्सचं पाचवं युनिट, म्हणजे साधारण १७५० ते १९०० मधल्या राजकीय क्रांत्या आणि औद्योगिक क्रांती, भारतातून नववी-दहावीत इथे आलेल्या मुलांना सोपं वाटतं. पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग माहीत असतो, वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॅट माहीत असतो, सनावळी पाठ करायची सवय अंगवळणी पडलेली असते. नेमका इथेच पाय घसरतो. माझाही घसरला होता आणि ते अजून बोचतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आपल्याकडे ‘कारणे लिहा’ म्हटलं की सामाजिक, आर्थिक, राजकीय, वैचारिक असे मुद्दे टाकायचे आणि गुण घ्यायचे. इथला प्रश्न वेगळा असतो: फ्रेंच राज्यक्रांतीला आर्थिक कारणं कितपत जबाबदार होती? ‘राजकीय, आर्थिक आणि सामाजिक कारणांमुळे क्रांती झाली’ असं पहिलं वाक्य लिहिलंत तर थीसिसचा, म्हणजे निबंधातल्या मुख्य दाव्याचा, गुण गेलाच समजा. ते वाक्य जगातल्या कुठल्याही क्रांतीला चिकटवता येतं. परीक्षकाला हवं असतं ते तुमचं मत: कोणतं कारण जास्त वजनाचं आणि एकातून दुसरं कसं निघालं.

हे फ्रान्सवरच नीट बघू, कारण एकदा इथे जमलं की बाकी सगळीकडे जमतं.

फ्रान्सच्या तिजोरीत खडखडाट होता. युद्धांचं कर्ज होतं, त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला केलेल्या मदतीची भर पडली. १७८६ मध्ये अर्थमंत्री कॅलोनने सोळाव्या लुईला सांगितलं, की आता सरदारांच्या जमिनींवरही कर बसवावा लागेल. १७८७ मध्ये बोलावलेल्या बड्या मंडळींच्या सभेने त्याला साथ दिली नाही. वाद चिघळत गेला आणि शेवटी १६१४ नंतर न भरलेली एस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि बाकी जनता या तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, ५ मे १७८९ रोजी भरवावी लागली. आता इथे थांबा. जुन्या पद्धतीत प्रत्येक वर्गाला एक मत. धर्मगुरू आणि सरदार एकत्र आले की देशातल्या ९५ टक्क्यांहून अधिक लोकांचा तिसरा वर्ग दोन विरुद्ध एक हरणार. म्हणजे प्रश्न सुरू झाला पैशाचा आणि झाला मतदानाचा. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतलं, ते या वादातून.

दुसरा धागा वेगळाच चालला होता. जुलै १७८८ मध्ये गारपीट झाली, पीक बुडालं आणि पुढच्या जुलैपर्यंत पॅरिसमध्ये पाव प्रचंड महागला. ११ जुलैला राजाने लोकप्रिय मंत्री नेकरला काढलं, शहराभोवती सैन्य जमलेलं होतंच. १४ जुलैला लोक बॅस्टिलवर गेले ते मुख्यतः दारूगोळ्यासाठी. आत कैदी होते फक्त सात. व्हर्सायमधला, म्हणजे राजवाड्याच्या गावी भरलेल्या सभेतला, वाद आणि पॅरिसमधली भूक इथे एकमेकांना मिळाली.

मग वजन कसं ठरवायचं? एक कारण झाकून बघायचं. १७७५ मध्येही पीठ महागलं म्हणून फ्रान्समध्ये दंगे झाले होते, पण राज्य उलटलं नाही. तेव्हा रिकाम्या तिजोरीने राजाला प्रतिनिधींची सभा बोलवायला भाग पाडलेलं नव्हतं. म्हणजे नुसती भूक पुरत नाही, असा दावा तुम्ही करू शकता, आणि पुरावाही हातात आहे. तुमचं मत माझ्यापेक्षा उलट असलं तरी चालेल, पुरावा द्या म्हणजे झालं. रूसो आणि इतर विचारवंतांना यादीत चौथ्या क्रमांकावर ठेवू नका. लोक रस्त्यावर उतरल्यावर मागण्यांना भाषा कुठून मिळाली, तिथे त्यांना आणा. २६ ऑगस्टचा मानवी हक्कांचा जाहीरनामा त्यासाठी हाताशी आहे.

औद्योगिक क्रांतीत हाच सापळा शोधांच्या यादीच्या रूपात येतो. फ्लॅशकार्डवर एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला यंत्र. सनांसाठी फ्लॅशकार्ड ठीक आहेत, त्यापलीकडे माझा त्यांच्यावर विश्वास नाही. १७३३ मध्ये जॉन केच्या धावत्या धोट्याने विणकाम भराभर व्हायला लागलं, सूत कमी पडायला लागलं, म्हणून सूतकताईची यंत्रं आली: हारग्रीव्ह्जची ‘जेनी’ नावाची कताई-चौकट, आर्कराइटची १७६९ ची पाण्यावर चालणारी चौकट. मग सूत उदंड झालं आणि माग मागे पडले, म्हणून १७८५ मध्ये कार्टराइटचा यंत्रमाग. असं शिकलात की पाठ करावं लागत नाही. न्यूकोमेनचं १७१२ चं वाफेचं इंजिन कोळसा इतका खायचं की ते मुख्यतः खाणीच्या तोंडाशीच परवडायचं, आणि ब्रिटनकडे अशा खाणी होत्या. ‘ब्रिटनच का?’ या प्रश्नाच्या उत्तरातला हा मोठा तुकडा आहे.

आणि दोन्ही प्रकरणं वेगळ्या वह्यांत ठेवू नका, मी कळकळीने सांगतेय. हैतीतल्या गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला, नेपोलियनचं सैन्य हरवलं आणि १ जानेवारी १८०४ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. ती वसाहत हातची जाऊ लागल्यावर नेपोलियनला लुइझियानात फारसा रस उरला नाही. १८०३ मध्ये त्याने तो प्रदेश अमेरिकेला विकला. त्यातल्या दक्षिण भागात कापूस पिकू लागला, व्हिटनीच्या १७९३ च्या जिनमुळे, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रामुळे, तो झटपट साफ होऊ लागला आणि इंग्लंडमधल्या लँकशायरच्या गिरण्यांकडे गेला. म्हणजे गुलामांनी जिंकलेल्या एका क्रांतीनंतर दुसरीकडे गुलामगिरीच पसरली. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला हा विषय खऱ्या अर्थाने आवडायला लागला. पुढे १८६१ मध्ये अमेरिकन यादवी सुरू झाली, कापूस अडला आणि मुंबईच्या बाजारात भाव कडाडले. १८६५ ला युद्ध संपताच कोसळले. आपल्या घरच्या इतिहासातले असे पुरावे इथे बिनधास्त वापरा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढलेल्या लोकांना अर्पण केली, हा परीक्षेत दिलेल्या कागदपत्रांबाहेरचा पुरावा म्हणून उत्तम आहे, फक्त त्याचा तुमच्या दाव्याशी संबंध एका वाक्यात सांगा.

सीनियर मुलांचे तयार निबंध मागू नका. दुसऱ्याचा दावा परीक्षेत आठवत नाही आणि आठवला तरी समोरच्या प्रश्नाला बसत नाही. दहा मिनिटांचे व्हिडिओ धडा वाचून झाल्यावर बघा, आधी नाही. मार्गदर्शक शोधायचा तर भरपूर नोट्स देणारा नको. तुमचा परिच्छेद वाचून ‘हे त्यातून कसं निघालं?’ असं विचारणारा हवा. बहुतेक शिक्षक शाळा सुटल्यावर थांबतात. जा त्यांच्याकडे. उच्चारांची लाज वाटते, माहीत आहे. तरी जा.

डीबीक्यूत, म्हणजे दिलेल्या कागदपत्रांवरून लिहायच्या निबंधात, सात कागदपत्रं असतात आणि एक तास. त्यातली पहिली पंधरा मिनिटं वाचनासाठी सुचवलेली असतात. ती वाचनातच संपवू नका. कागदपत्रांचे क्रमांक लिहा, त्यांच्यात बाण काढा, बाणाशेजारी दोन शब्दांत कारण लिहा. बाण काढता येत नसेल तर तुमच्याकडे अजून दावा नाही, लिहायला घेऊ नका. इंग्रजीची काळजी मात्र सोडा. निबंध पहिला मसुदा म्हणूनच तपासतात, अर्थ कळत असेल तर व्याकरणाच्या चुकांचे गुण कापत नाहीत. पंधराव्या मिनिटाला बाण तयार असतील तर उरलेली पंचेचाळीस मिनिटं पुरतात.