कोबॉट लाइनवर घेताय? आधी चकचं बघा

सीएनसी लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, चढवायला-उतरवायला कोबॉट, म्हणजे माणसाच्या शेजारी काम करणारा रोबोटचा हात, येतोय म्हणता, तर तयारी सांगतो. स्टँड, केबल, हवेचं प्रेशर हे सप्लायरचा माणूस बघेल. वजन मात्र स्वतः करा. 5 किलोचा हात म्हणजे ग्रिपर (जॉब पकडणारा पंजा) धरून 5 किलो, आणि ग्रिपर दुहेरी असेल तर कच्चा आणि तयार असे दोन्ही जॉब एका वेळी त्यालाच लटकलेले असतात. कोटेशन वाचताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

‘कोबॉट आहे, कुंपण कशाला?’ असं कोणी म्हणालं की बर (कडेला राहिलेले धारदार कंगोरे) न काढलेला जॉब त्याच्या हातात द्या. आयएसओ टीएस 15066 या कोबॉट-सुरक्षेच्या नियमावलीत, 2016 सालच्या, शरीराच्या 29 जागांना किती दाब सोसेल याचं कोष्टक आहे. धारदार कडा त्यात बसत नाही आणि तोंडा-डोक्याला धक्का तर चालतच नाही. म्हणून रिस्क असेसमेंट नुसत्या हाताचं नको, ग्रिपर आणि जॉबसकट करा.

आता मुख्य. चकमध्ये, म्हणजे लेथवर जॉब पकडणाऱ्या जबड्यात, जॉब आहे की नाही, हे रोबोटला कोण सांगणार? आमच्याकडे कोणीच सांगत नव्हतं. सेकंड शिफ्टला ऑपरेटरने रोबोट थांबवला, मापायला जॉब काढला, मशीन रिकामं राहू नये म्हणून दुसरा हाताने चढवला आणि स्टार्ट दिला. चांगला माणूस हेच करेल. रोबोटच्या हिशेबी चक रिकामा होता. त्याने जॉबवर जॉब नेऊन आदळला. ग्रिपरची बोटं वाकली, दीड दिवस लाइन बंद. मीटिंगमध्ये सगळे ऑपरेटरकडे बघत होते; प्रोग्राम माझा होता.

तेव्हा, रोबोटच्या वाटचं काम माणसाने केलं तर ते रोबोटला कळलं पाहिजे. जॉब चकमध्ये नीट बसला की हवेच्या दाबावरून कळवणारा सेन्सर मिळतो, तो लावा. बजेट नाही म्हणाले तर निदान पेंडंटवर (रोबोट चालवायच्या हातातल्या पॅनेलवर) दोन प्रश्न टाका: चक रिकामा? ग्रिपर रिकामा? उत्तराशिवाय स्टार्ट नाही. इमर्जन्सी दाबल्यावर विचारायचं, दरवाजा उघडल्यावर विचारायचं, लाइट जाऊन आल्यावर विचारायचं. ‘आत्ताच तर बघितलं’ म्हणतील, तरी विचारायचं. ट्रेचंही तेच: मधला एक जॉब क्वालिटीवाल्याने उचलून नेला की रोबोट रिकाम्या खाचेत बोटं मिटून पुढे निघतो. ग्रिपर पूर्ण मिटला तर थांब, एवढी अट प्रोग्राममध्ये हवीच. आणि चक, परत सांगतो.

कुठलं काम कोणाचं हे ऑपरेटरला बरोबर घेऊन ठरवा, ऑफिसात बसून नको. चिप (कापलेल्या धातूचा चुरा) साफ करणं आणि दर किती जॉबनंतर माप घ्यायचं, हे कागदावर कोणाच्याच नावावर नसतं. माप घेण्यासाठी रोबोटने जॉब बाहेर आणून ठेवायची वेगळी जागा असती तर त्या दिवशी माणसाला चकमध्ये हात घालावाच लागला नसता.

ट्रेनिंग तिन्ही शिफ्टना, थर्डलासुद्धा. टॉवर लॅम्पच्या, म्हणजे मशीनवरच्या रंगीत दिव्यांच्या, रंगांचे अर्थ मराठीत आणि हिंदीत लिहून चिकटवा. पहिला आठवडा सायकल टाइमवरून कटकट नको. शिफ्ट बदलताना चकचा प्रश्न पुन्हा. बोटांचा एक जादा जोड स्टोअरला ठेवा. आमचा दीड दिवस त्याचीच वाट बघण्यात गेला.