हेन्री हाउसची जुनी छायाचित्रे पाहताना या चुका टाळा

व्हर्जिनियातील मनॅससजवळच्या टेकडीवर ज्युडिथ हेन्री या अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध विधवेचे लाकडी घर होते. २१ जुलै १८६१ रोजी, अमेरिकी यादवी युद्धातील पहिल्या मोठ्या लढाईत, घरातून नेमबाज गोळ्या झाडत आहेत असे वाटल्याने उत्तरेच्या रिकेट्स यांच्या तोफखान्याने त्यावर मारा केला आणि त्यात ज्युडिथबाईंचा अंत झाला. या घराच्या ढिगाऱ्याची जी छायाचित्रे आज पाहायला मिळतात, त्यांच्याखाली पुष्कळदा लढाईचीच तारीख लिहिलेली असते. घोटाळ्याचे मूळ तेच आहे.

उत्तरेचा त्या दिवशी पराभव झाला आणि मनॅसस मार्च १८६२ पर्यंत दक्षिणेच्या ताब्यात राहिले. दक्षिणेच्या सैन्याने माघार घेतल्यावरच उत्तरेकडचे छायाचित्रकार जॉर्ज बर्नार्ड आपला कॅमेरा घेऊन तेथे पोहोचू शकले आणि ढिगाऱ्याचे प्रसिद्ध छायाचित्र त्याच मार्चमधले आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी ग्रंथालयाच्या संग्रहात ही चित्रे लढाईच्या नावाखाली एकत्र लावलेली असल्यामुळे वरचे ‘जुलै १८६१’ हे शीर्षक हीच छायाचित्राची तारीख समजली जाते. खालची नोंद शेवटपर्यंत वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही. शंका आली तर आधी झाडे पाहावीत. व्हर्जिनियात जुलैमध्ये झाडे पानांनी गच्च भरलेली असतात, तर मार्चमध्ये फांद्या उघड्या पडलेल्या असतात.

याच चुकीतून दुसरी निघते. चित्रात दिसणारी सगळी पडझड तोफगोळ्यांचीच, असे गृहीत धरले जाते. लढाई आणि छायाचित्र यांच्यामध्ये जवळजवळ आठ महिने गेले होते आणि आसपास सैन्याचा तळ होता, हे ध्यानात ठेवले तर एवढ्या एका चित्रावरून तोफांच्या माऱ्याचा अंदाज बांधण्याचे धाडस होणार नाही.

चित्रात दगडी स्मारक असेल तर ते चित्र जून १८६५ पूर्वीचे असूच शकत नाही, कारण सैनिकांनी ते स्मारक त्या महिन्यात उभारले. आज तेथे दिसणारे घरही मूळचे नव्हे. ते १८७० च्या सुमारास बांधलेले आहे. जवळचे दगडी ‘स्टोन हाउस’ मात्र युद्धापूर्वीचे आहे आणि या दोन घरांची गल्लत नेहमी होते.

प्रत्येक चित्र त्या काळचे नामवंत छायाचित्रकार मॅथ्यू ब्रॅडी यांच्या नावावर टाकण्याची सवयही सोडावी. त्यांच्या संस्थेसाठी अनेकजण काम करीत आणि चित्रे संस्थेच्या नावाने प्रसिद्ध होत.

तंत्राबाबतचे गैरसमज तर फार आहेत. ओल्या कोलोडियनचा, म्हणजे प्रकाशाला संवेदनशील केलेल्या चिकट द्रावाचा, थर दिलेली काच कॅमेऱ्यात काही सेकंद उघडी ठेवावी लागे. तेवढ्यात हललेला माणूस पुसट होई किंवा दिसेनासाच होई, त्यामुळे अंगण ओसाड दिसले म्हणून तेथे कोणी नव्हते असे म्हणता येत नाही. हा थर निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्याने आकाश पांढरेफटक उमटे, आणि त्याला ढग किंवा लढाईचा धूर म्हणणे निव्वळ कल्पना आहे. स्टिरिओ (खोलीचा भास देणाऱ्या) काचेवरची जोडचित्रे हीही दोन प्रसंगांची नसतात, ती एकाच वेळी दोन भिंगांतून घेतलेली असतात.

राहिला उलट्या चित्राचा प्रश्न. काच कोलोडियनच्या बाजूने स्कॅन केली आणि नंतर फिरवायची राहिली तर डावे-उजवे बदलते, धुराड्याची जागा नकाशाशी जुळत नाही आणि वाचक उगाच नकाशाला दोष देतो. चित्रात सैनिक उभा असेल तर ते मोठे करून त्याचा कोट पाहावा: पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. ती उजवी बाजू डावीवर आलेली दिसली, तर चित्राचे डावे-उजवे आरशाप्रमाणे उलटवून मगच नकाशाशी ताडून पाहावे.