रोल प्ले वर्गात फसतो, कारण पेशंटची चिठ्ठीच कोरी असते: या चुका टाळा

2019च्या बॅचपासून एमबीबीएसला एटकॉम (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा भाग) आलं आणि रोल प्लेला वेळापत्रकात जागा मिळाली. पण बऱ्याच वर्गांत त्याचं गॅदरिंगमधलं नाटुकलं होतं. दोन हौशी मुलं पुढे, बाकीचे दीडशे हसायला.

दोष बहुधा 'डॉक्टर' झालेल्याचा नसतो. "तू टीबीचा पेशंट हो" एवढंच सांगितलं, तर पेशंट झालेला मुलगा पुस्तकातली लक्षणं घडाघडा म्हणून दाखवणारच. 1960च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी धडधाकट माणसांना पेशंट म्हणून उभं केलं, ते आधी नीट तयार करून. आपण निदान पेशंट होणाऱ्याला द्यायची चिठ्ठी तरी नीट लिहावी: वय 42, बांधकामावर मजूर. दोन महिन्यांत खोकला थांबला, गोळ्या बंद केल्या. कोर्स सहा महिन्यांचा, हे ठाऊक आहे. पण गोळीनं मळमळतं आणि मग कामावर खाडा पडतो. घरी आजार लपवलाय, हे आपणहून सांगायचं नाही. डॉक्टर दरडावला तर गप्प बसायचं.

ही चिठ्ठी डॉक्टरच्या हाती पडू देऊ नका.

पेशंटनं बोलावं मात्र घरच्यासारखं: "अंगात कणकण आहे", "जीव घाबरा होतो". परराज्यातून आलेली मुलं इथे अडतात. ओपीडीत अडण्यापेक्षा वर्गात अडलेली बरी. आणि नातेवाईक विसरू नका! आपल्याकडे पेशंट एकटा येतो कधी? "त्यांना काही बोलू नका, काय ते मला सांगा" म्हणणारा मुलगा हवाच.

हशा आवरत नसेल तर व्यासपीठ सोडा, तिघातिघांचे गट करा: डॉक्टर, पेशंट, निरीक्षक. गलका होईल, होऊ दे.

सगळ्यात महागात पडते ती नंतरची घाई. खेळ वीस मिनिटं आणि चर्चा घंटेच्या तोंडावर, हे उलटं करा. आधी डॉक्टर झालेल्याला बोलू द्या, मग पेशंटला विचारा, "कुठल्या वाक्याला खरं सांगावंसं वाटलं?" निरीक्षक त्यानंतर, शिक्षक सर्वांत शेवटी. सरांनी "काय काय चुकलं?" असं सुरू केलं की वर्ग मिटतो.

कॅन्सरची बातमी सांगण्याचा प्रसंग असेल तर भूमिका आधी एकेकट्याला विचारून द्या. कुणाच्या घरी काय चाललंय, आपल्याला माहीत नसतं. नको म्हणाला तर कारण विचारू नका, निरीक्षकाचा कागद द्या.