जुन्या फोटोची जागा शोधून नवा फोटो कसा काढावा

आमच्या वयाची माणसं भेटली की ‘पूर्वी इथे असं नव्हतं’ हे वाक्य येतंच. माझा जन्म याच गल्लीतला, त्यामुळे हळहळ मलाही वाटते. पण नातवाने ‘मग काय होतं?’ असं विचारलं की नुसती आठवण अपुरी पडते. नेमकं कुठे काय होतं ते दाखवता आलं पाहिजे. म्हणून मी एक काम नेमाने करतो: जुना फोटो जिथून काढला ती जागा शोधायची आणि तिथेच उभं राहून आजचा फोटो काढायचा.

जुने फोटो बहुधा घरातच असतात. रस्त्याचा म्हणून फोटो कोणी काढलेला नसतो. तो वाढदिवसाचा, नव्या सायकलचा, शाळेच्या पहिल्या दिवसाचा असतो. माणसांच्या पाठीमागे बघा. पाटी, विजेचा खांब, गच्चीचा कठडा, रस्त्याचं वळण, सगळं तिथे असतं. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. सुटा असेल तर मागची बाजूही घ्या, कारण नाव नि साल तिथेच लिहिलेलं असतं. स्कॅनची बारकाई ६०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके, ठेवली की पुरे.

आता जागा शोधणं. इथे घाई अजिबात नको. जुन्या फोटोत एकमेकांवर आलेल्या दोन वस्तू निवडा, एक जवळची आणि एक लांबची, आणि दोन्ही आजही जागेवर असलेल्या. समजा, खांबाची कड मागच्या खिडकीच्या डाव्या चौकटीला टेकलेली दिसते. रस्त्यावर जाऊन डावी-उजवीकडे सरकत राहा. ती कड चौकटीला टेकली की तुम्ही बरोबर रेषेवर आलात. मग अशीच दुसरी जोडी फोटोच्या दुसऱ्या बाजूची घ्या. या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथेच फोटो काढणारा उभा होता. हे जमतं त्या क्षणी अंगावर काटा येतो, मला तर दर वेळी येतो. गाड्यांकडे लक्ष ठेवायला मात्र सोबत कोणीतरी न्याच.

उंचीही बघायची. वरून खाली बघत वापरायचे जुने कॅमेरे पोटाशी किंवा छातीशी धरले जात, त्यामुळे डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला फोटो जुळत नाही. मोबाईलची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते आणि जुन्या कॅमेऱ्यांचा कोन बहुधा त्याहून अरुंद. साधारण दुप्पट झूम केलं की बरंच जुळतं. सावल्या कुठे पडल्यात त्यावरून वेळ आणि ऋतूचा अंदाज बांधा आणि शक्यतो त्याच सुमारास जा.

जुना फोटोच नसेल तर आजपासून सुरुवात करा. पाडापाडीची नोटीस लागण्याची वाट बघू नका. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये शहराची नव्याने आखणी करणाऱ्या ओसमान या अधिकाऱ्याने मोठे रस्ते काढायला जुनी वस्ती पाडली, तेव्हा शार्ल मार्व्हिल या फोटोग्राफरने शहराच्या प्रशासनासाठी त्या गल्ल्यांचे फोटो आधीच काढून ठेवले. त्यातल्या कित्येक गल्ल्या आज फक्त त्याच्या फोटोंत उरल्या आहेत. आणि नावडणाऱ्या नव्या इमारतीचाही फोटो काढा. तिच्यात वाढणाऱ्या पोरांसाठी तेच जुनं घर होणार आहे.

संपूर्ण शहराचा पसारा बघायचा असेल तर लँडसॅट उपग्रहांची १९७२पासूनची चित्रं फुकट मिळतात. सुरुवातीच्या चित्रांत गल्ली दिसणार नाही, पण तळं कुठवर होतं आणि शेतं कधी गेली ते कळतं. अलीकडच्या वर्षांसाठी गूगल अर्थमधली जुनी चित्रं बघा.

फोटो घेऊन शेजारच्या वयस्कर माणसांकडे जा. ‘तेव्हा कसं होतं हो?’ असं विचारलं तर ‘छान होतं’ एवढंच उत्तर मिळतं. फोटोतल्या एका दारावर बोट ठेवून ‘इथे कोण राहायचं? पाणी कुठून भरायचात?’ असं विचारा, मग बघा. परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करा. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहून ठेवा, निवाडा करत बसू नका.

प्रत्येक फोटोला तारीख, जागा आणि कोणत्या दिशेला तोंड करून काढला ते लिहा. फाईलच्या नावात साल आधी घातलं की क्रम आपोआप लागतो. छापील प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलनेच लिहा. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उठतो. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात, आणि ती कुठे आहे हे घरातल्या तरुण माणसाला सांगून ठेवा.