चामखीळ घालवायचीय? आधी शरीराला तिचा पत्ता लागू द्या

माझ्या मुलीच्या टाचेला चामखीळ आली तेव्हा आम्ही ती कुरूप समजून ब्लेडने खरवडत राहिलो, आणि महिनाभरात बाजूला अजून तीन उगवल्या. म्हणून पहिलं काम ओळखण्याचं. कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. तिच्यावर त्वचेच्या रेषा तुटलेल्या दिसतात आणि आत काळे ठिपके असतात. लोक त्यांना मूळ म्हणतात पण त्या रक्त गोठलेल्या बारीक वाहिन्या असतात, तेव्हा कोरून काढायला जाऊ नका.

हे काम एचपीव्ही नावाच्या व्हायरसचं. त्याचे 200 हून जास्त प्रकार आहेत, हातापायावर येणारे बहुतेक 1, 2, 4, 27, 57 यातले. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवाले 16 आणि 18 वेगळे, त्यामुळे टाचेची चामखीळ बघून त्या भीतीने झोप उडवून घेऊ नका (मुलींना एचपीव्हीची लस मात्र जरूर द्या, ती त्या कॅन्सरसाठी आहे, या चामखिळीसाठी नाही).

आता शरीर इतके महिने गप्प का बसतं? हा व्हायरस बारीक चिरेतून त्वचेच्या सगळ्यात खालच्या थरात शिरतो आणि तिथेच राहतो, रक्तात जातच नाही. पेशी फोडतही नाही. पेशी वर सरकत जाते तशा त्याच्या प्रती तयार होतात आणि वरची मेलेली त्वचा गळते तिच्यासोबत बाहेर पडतात. ना सूज, ना ताप, मग पहारेकऱ्यांना कळणार कसं! वर तो इंटरफेरॉनचा, म्हणजे धोक्याच्या निरोपाचा, आवाजही दाबतो आणि त्वचेतल्या लँगरहान्स पेशी, ज्या खबर पोचवतात, त्या तिथे कमी होतात. पण एकदा का खबर पोचली की टी पेशी, म्हणजे शरीराचे लढवय्ये, येऊन बाधित पेशी मारतात, आणि मग कधीकधी सगळ्या चामखिळी एकदमच जातात. जाण्याआधी काहींना खाज येते, लाली येते किंवा त्या काळ्या पडतात, तेव्हा घाबरायचं नाही. लहान मुलांमध्ये निम्म्याच्या आसपास एक-दोन वर्षांत आपोआप जातात, म्हणून दुखत नसेल तर थांबणं हाही खरा उपाय आहे.

थांबायचं नसेल तर मेडिकलमध्ये सॅलिसिलिक ॲसिडचं औषध मिळतं. रात्री पाय पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, वरची पांढरी त्वचा वज्रीने हलकेच घासा, बाजूच्या चांगल्या त्वचेला व्हॅसलीन लावा आणि औषध फक्त चामखिळीवर. ती वज्री दुसऱ्या कुणी वापरायची नाही, दुसऱ्या जागीही नाही. हे रोज, साधारण 12 आठवडे. बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात, आम्हीही एकदा सोडलं होतं. आग झाली, कातडी सोलली तर दोन-तीन दिवस थांबा. ॲसिड त्वचा सोलतं ते आहेच, पण त्या थोड्या चुरचुरीमुळेही शरीराचं तिकडे लक्ष जातं असं मानतात.

फरक पडला नाही तर स्किनच्या डॉक्टरकडे. ते लिक्विड नायट्रोजनने गोठवतात (उणे 196 अंश, दुखतं, मुलांना आधी सांगून ठेवा) आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. आपल्याकडे बरेच डॉक्टर चामखिळीत एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या) लसीचं इंजेक्शनही देतात, मला हा उपाय फार आवडतो, कारण त्या लसीची ओळख शरीराला आधीच असते त्यामुळे पेशींची फौज तिथे धावत येते आणि व्हायरसही तिच्या नजरेत सापडतो, मग इंजेक्शन न दिलेल्या दूरच्या चामखिळीही जाऊ शकतात. गरोदर बायकांना ही लस चालत नाही.

बिब्बा, चुना, रुईचा चीक अजिबात लावू नका, त्याने भाजतं आणि डाग राहतो. डायबेटिस असेल, किडनी ट्रान्सप्लांट झालेलं असेल, एचआयव्ही असेल, किंवा चामखीळ चेहऱ्यावर वा जननेंद्रियावर असेल तर घरी काहीच करू नका, थेट डॉक्टर.

आणि औषध कधी बंद करायचं? चामखीळ सपाट झाली म्हणून नाही, तर त्या जागेवरून त्वचेच्या रेषा पुन्हा सरळ जायला लागल्या की.